नावाची राखण

काही विषयांचे नाव ऐकले तरी जांभई येते. 'कंपनीच्या कायदा विभागाने ट्रेडमार्क सांभाळण्यासाठी सॉफ्टवेअर कसे निवडावे' हा त्यातलाच एक. पण वाचकहो, जरा धीर धरा. या कोरड्या विषयाच्या पोटात मुंबईच्या गिरण्या आहेत, दोन हत्ती आहेत, बीअरच्या बाटलीवरचा एक लाल त्रिकोण आहे आणि आपल्या लहानपणी घरोघर असणारी अमृतधारेची बाटलीसुद्धा आहे. इतकी वर्षे शाळेत इतिहास शिकवून मला एक खोड लागली आहे. नवी वस्तू समोर आली की ती येण्याआधी माणसे तेच काम कसे करत होती, हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

हा विषय माझ्याकडे आला तो भाचीमुळे. ती पुण्यात एका कंपनीच्या कायदा विभागात आहे. मागे आली होती तेव्हा म्हणाली, "मावशी, आमचे साडेतीनशे ट्रेडमार्क आहेत आणि सगळ्यांचा हिशेब एका एक्सेलच्या तक्त्यात. तो तक्ता ठेवणारे काका पुढच्या वर्षी रिटायर होतायत. तीन कंपन्या आपापले सॉफ्टवेअर दाखवून गेल्या. तिन्ही सारखीच झकपक. कुठलं घ्यायचं गं?"

आता मला संगणकातले काय कळणार! पण प्रश्न मात्र लगेच कळला, कारण तो संगणकाचा नव्हताच, तो वहीचा होता. शाळेतली सगळ्यात मोलाची वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर मी प्रयोगशाळा म्हणणार नाही की ग्रंथालय म्हणणार नाही. ऑफिसातल्या लोखंडी कपाटातले जनरल रजिस्टर, हेच माझे उत्तर. मुलाचे नाव, आडनाव, जन्मतारीख त्यात एकदा चढली की चाळीस वर्षांनी तोच माणूस पेन्शनच्या किंवा पासपोर्टच्या कामासाठी येतो आणि त्या एका ओळीवर त्याचे पुढचे सगळे अवलंबून असते. ट्रेडमार्कचे रजिस्टर म्हणजे मालाचे जनरल रजिस्टर. त्याची गोष्ट मोठी मजेची आहे.

मालावर खूण करणे हे काम फार जुने. लोथलच्या वखारीत मुद्रा उमटवलेले मातीचे तुकडे सापडले आहेत. त्यांच्या मागच्या बाजूला गाठोड्याच्या कापडाच्या आणि दोरीच्या खुणा आहेत. आपल्याकडे 'शिक्कामोर्तब' हा शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहे. तो मराठेशाहीच्या दप्तरातून आला. कागदाच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब, म्हणजे मध्ये कोणी नंतर ओळ घुसडू नये. पण खूण करणे निराळे आणि 'ही खूण अमक्याची' अशी सार्वजनिक वही ठेवणे निराळे. ही दुसरी गोष्ट त्या मानाने अलीकडची. इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या सुऱ्या-कात्र्या करणाऱ्या कारागिरांच्या संघाला १६२४ साली कायद्याने मान्यता मिळाली आणि हा संघ आपल्या लोकांच्या खुणांची नोंद ठेवू लागला. सगळ्या देशासाठी एक वही मात्र १८७५ च्या कायद्याने आली.

१ जानेवारी १८७६ रोजी लंडनचे कचेरीचे दार उघडले. पहिला नंबर लागला बास या बीअर कंपनीच्या लाल त्रिकोणाचा. कंपनीचा माणूस आदल्या रात्रीपासून दाराशी उभा होता, असे सांगतात. १८८२ साली माने या फ्रेंच चित्रकाराने रंगवलेल्या पॅरिसच्या एका गुत्त्याच्या चित्रात हा लाल त्रिकोण लावलेली बाटली स्पष्ट दिसते. चित्रकाराला नाव लिहावे लागले नाही, त्रिकोण पुरला. खुणेची ताकद ती हीच.

आता गोष्ट आपल्याकडे वळते. त्या काळात मँचेस्टरचे कापड आणि स्कॉटलंडचे रंगवलेले सूत जहाजे भरभरून मुंबईत येत होते. विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना इंग्रजी वाचता येत नव्हते, पुष्कळांना काहीच वाचता येत नव्हते. म्हणून ताग्यावर आणि सुताच्या गठ्ठ्यावर रंगीत चित्राचे कागद चिकटवत. त्यांना 'टिकीट' म्हणत. देव, राण्या, वाघ, आगगाड्या, काय वाटेल ते त्यावर असे. ही टिकिटे इतकी झाली आणि एकमेकांसारखी इतकी दिसू लागली की लंडनच्या कारकुनांना निवाडा करता येईना. म्हणून मँचेस्टरला कापसाच्या मालासाठी वेगळी कचेरी झाली. तिथल्या अधिकाऱ्याचा हुद्दाच मुळी 'कापसाच्या खुणांचा राखणदार' अशा अर्थाचा होता. मला हा हुद्दा फार आवडतो. भाचीच्या ऑफिसातले काका दुसरे कोण आहेत?

याच काळातला एक खटला मी वर्गात शिकवला असता तर मुले खूष झाली असती. ग्लासगोची ऑर युइंग नावाची कंपनी लाल सूत मुंबईला आणि एडनला पाठवी. तिच्या टिकिटावर दोन हत्ती होते. बाजारात गिऱ्हाईक कंपनीचे नाव घेतच नसे. 'बे हाथी' द्या, म्हणे. गुजराती व्यापाऱ्यांच्या तोंडचे ते नाव. पुढे जॉन्स्टन नावाच्या व्यापाऱ्यांनीही दोन हत्तींचे टिकीट काढले. बाकी मजकूर वेगळा, नाव वेगळे, नक्षी वेगळी, पण हत्ती दोनच. खटला चढत चढत इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १८८२ साली ऑर युइंग जिंकले. विलायतेतल्या थोर न्यायाधीशांना हे मान्य करावे लागले की प्रश्न लंडनमधल्या शिकल्यासवरल्या माणसाला फरक कळतो का, हा नाही. मुंबईच्या बाजारात 'बे हाथी' मागणाऱ्याच्या हातात कुठले सूत पडेल, हा आहे.

मौज अशी, की ज्या मुंबईच्या बाजारावरून हा निकाल लागला, त्या मुंबईत ट्रेडमार्कची सरकारी वही तेव्हा नव्हतीच, आणि पुढे साठ वर्षे झाली नाही. १८८९ च्या कायद्याने खोटी खूण लावणाऱ्याला शिक्षा होई. पण खूण माझी आहे हे सिद्ध कसे करायचे? व्यापारी लोक दस्तनोंदणीच्या कचेरीत प्रतिज्ञापत्र नोंदवत आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना देत. गिरणीमालकांचा संघ आपल्या सभासदांच्या छापांची नोंद स्वतःच ठेवी. शेवटी १९४० साली कायदा झाला, तो १ जून १९४२ ला अमलात आला आणि रजिस्ट्रीचे मुख्य ठाणे मुंबईला झाले. ते अजूनही मुंबईलाच आहे. कापडाच्या मालासाठी त्या कायद्यात स्वतंत्र प्रकरण होते, यावरून टिकिटांचा पसारा केवढा होता ते कळते. पुढे १९५८ चा कायदा आला आणि नंतर १९९९ चा. तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे.

वही झाली तरी खरी अडचण उरतेच. नोंद असणे वेगळे आणि ती हवी तेव्हा सापडणे वेगळे. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले लाखो कागद होते, पण रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडून पंचेचाळीस भाग काढले तेव्हा ते आपल्यासारख्यांच्या हाती आले. ट्रेडमार्कमध्ये तर शोधायचे असते ते हुबेहूब नाव नव्हे, 'तसेच वाटणारे' नाव.

याचे उत्तम उदाहरण अमृतधारेचे. 'लक्ष्मणधारा' या नावाच्या औषधाने नोंदणीसाठी अर्ज केला आणि अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली. अलाहाबाद हायकोर्टाला दोन्ही नावे वेगळी वाटली. अमृताची धार कुठे आणि लक्ष्मणाची धार कुठे! पण १९६२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की साधा माणूस औषध घेताना शब्दांची फोड करत बसत नाही. त्याला पूर्वी घेतलेल्या औषधाचे नाव अर्धवट आठवत असते आणि कानाला दोन्ही नावे सारखीच वाटतात. तरीही लक्ष्मणधारा बरीच वर्षे प्रामाणिकपणे विकली जात होती म्हणून तिला फक्त उत्तर प्रदेशापुरती नोंद द्यावी, हा रजिस्ट्रारचा मूळ निर्णय कोर्टाने कायम केला. मराठीच्या शिक्षकांनाही हा निकाल वाचायला द्यावा असा आहे. व्युत्पत्ती एका बाजूला आणि बाजारातला कान दुसऱ्या बाजूला!

म्हणून भाचीला मी पहिला प्रश्न विचारायला सांगितला तो असा: हे सॉफ्टवेअर ऐकते का? 'लक्ष्मी' हे नाव रोमन लिपीत लोक चार तऱ्हांनी लिहितात. कोणी एक्स घालतो, कोणी केएसएच घालतो. आवाजावरून नाव शोधण्याची साउंडेक्स नावाची एक जुनी युक्ती आहे, तिचे पेटंट अमेरिकेत १९१८ साली रसेल नावाच्या गृहस्थांनी घेतले. पण ती इंग्रजी नावांसाठी केलेली, आणि पहिले अक्षर ती जसेच्या तसे धरते. 'क'चा आवाज सीने लिहिला की एक गठ्ठा आणि केने लिहिला की दुसरा. अशा यंत्रापुढे अमृतधारा आणि लक्ष्मणधारा ठेवल्या तर त्या एकमेकींना ओळखणारसुद्धा नाहीत. चित्रांचे काम मात्र सुधारले आहे. १९७३ च्या व्हिएन्ना करारापासून चित्रातल्या वस्तूंना क्रमांक दिले आहेत. हत्तीचा क्रमांक ३.२.१. आज 'बे हाथी' शोधायचे तर मँचेस्टरच्या राखणदाराची आठवण लागत नाही, हा आकडा टाकायचा. दुकानदार दाखवायला येतील तेव्हा त्यांच्या तयार नमुन्यांवर न जाता आपलीच दहा अवघड नावे त्यांच्यापुढे ठेवायची, असे मी तिला सांगितले. परीक्षेचा पेपर विद्यार्थ्याने काढायचा नसतो.

दुसरा प्रश्न तारखांचा. ट्रेडमार्क योग्य वेळी नूतनीकरण करत राहिले तर कायमचा टिकतो, आणि एक तारीख चुकली तर जाऊ शकतो. १९५८ च्या कायद्यात मुदत सात वर्षांची होती, २००३ पासून ती दहा वर्षांची झाली. अमेरिकेत १९८९ पर्यंत वीस वर्षे होती, मग दहा झाली. शिवाय तिथे पाचव्या आणि सहाव्या वर्षांच्या दरम्यान 'खूण वापरात आहे' असे लिहून द्यावे लागते. आपल्याकडे नव्या खुणेची माहिती जर्नलमध्ये छापून आली की हरकत घ्यायला चार महिने, नूतनीकरण राहिले तर जादा शुल्क भरून सहा महिने, त्यानंतर पुन्हा नोंद मिळवायला आणखी सहा महिने. १९५८ च्या कायद्याखाली मालाचे चौतीस वर्ग होते. २००३ मध्ये सेवांचे वर्ग आले आणि २०१० मध्ये एकूण पंचेचाळीस झाले. २०१३ साली ८ जुलैपासून भारत माद्रिद व्यवस्थेत आला. तेव्हापासून एका अर्जावर अनेक देशांत नोंद मागता येते. पण ती आंतरराष्ट्रीय नोंद पहिली पाच वर्षे घरच्या नोंदीच्या आधाराने उभी असते. घरची पडली की बाहेरचीही पडते. २०१७ च्या नियमांनी तर चौऱ्याहत्तर फॉर्मांचे आठ केले.

एवढे सगळे का सांगितले? नियम बदलतात, हे ध्यानात यावे म्हणून. तेव्हा सॉफ्टवेअरने नुसती 'शेवटची तारीख' दाखवून भागत नाही. ती तारीख कुठल्या नियमाने, कुठल्या दिवसापासून मोजून आली तेही दिसले पाहिजे, आणि उद्या नियम बदलला तर तो कोण बदलणार, किती दिवसांत, हे करारात लिहिलेले पाहिजे. गणितात आम्ही नुसत्या उत्तराला गुण देत नव्हतो, रीत दाखवावी लागे.

तिसरी गोष्ट २०१६ सालची, आणि ती वाचून मला खरोखर वाईट वाटले. त्या वर्षी मार्च महिन्यात रजिस्ट्रीने थोडेथोडके नव्हे, लाखाहून जास्त अर्ज 'सोडून दिलेले' असे ठरवून निकाली काढले. का, तर तपासणीच्या अहवालाला उत्तर आले नाही. अर्जदारांचे म्हणणे असे की अहवाल आमच्यापर्यंत पोहोचलाच नाही. रजिस्ट्रीचे म्हणणे असे की तो संकेतस्थळावर होता. दिल्ली हायकोर्टाने ५ एप्रिल २०१६ रोजी या आदेशांना स्थगिती दिली म्हणून बरे. पण त्यातल्या किती लहान दुकानदारांनी, लोणची-पापड करणाऱ्या किती बायकांनी आपले संकेतस्थळ रोज उघडून पाहिले असेल? मोठ्या कंपनीकडे काका असतात. लहान माणसाकडे काका नसतात, आणि सॉफ्टवेअरही नसते. हा भेद मला फार टोचतो. भाचीला मात्र यातून एवढेच सांगता आले, की टपालाची वाट पाहणारी वही आता उपयोगाची नाही. सॉफ्टवेअरने रोज रजिस्ट्रीची नोंद स्वतः जाऊन पाहिली पाहिजे, आणि आपल्या नोंदीत व तिथल्या नोंदीत फरक दिसला तर तो परस्पर दुरुस्त न करता माणसाला हाक मारली पाहिजे.

चौथी गोष्ट वापराच्या पुराव्याची. खूण नोंदवून कपाटात ठेवली आणि नोंद झाल्यापासून पाच वर्षे न वापरता राहिली, तर दुसरा कोणी ती काढून टाका म्हणून अर्ज करू शकतो. उलट नोंद नसली तरी आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क कायदा मानतो. म्हणजे जुनी बिले, जाहिराती, वेष्टने हीच खरी संपत्ती. ती सालवार त्या त्या खुणेला जोडून ठेवता येतात का, ते पाहावे. खूण कोणाच्या मालकीची आणि वापरते कोण, हेही निराळे लिहावे लागते. किर्लोस्कर समूहाने तर आपले नाव सांभाळण्यासाठी किर्लोस्कर प्रोप्रायटरी लिमिटेड अशी वेगळी कंपनीच ठेवली आहे. नांगर बनवणाऱ्या घराण्याला नावाची किंमत बरोबर कळली होती.

आणि शेवटची गोष्ट, जी विकणारा आपण होऊन कधीच सांगत नाही. बाहेर पडायची वाट कुठे आहे? हाही धडा इतिहासाचाच. १९६९ साली ब्रिटनमधल्या पेटंट एजंटांनी मिळून जर्सी बेटावर एक संस्था काढली. नाव 'कॉम्प्युटर पेटंट ॲन्युइटीज'. पेटंटच्या फीच्या तारखा संगणकाने सांभाळायच्या, हा तिचा उद्देश. तेव्हा संगणक खोलीएवढे असत. एजंटांनी एजंटांसाठी काढलेली ही संस्था पुढे मोठी झाली, सीपीए ग्लोबल झाली, मालक बदलले आणि २०२० मध्ये ती क्लॅरिव्हेट या कंपनीत विलीन झाली. ट्रेडमार्कचा शोध घेऊन देणारी थॉमसन अँड थॉमसन ही १९२२ सालची अमेरिकन पेढीही हात बदलत बदलत त्याच घरात पोहोचली. यात कोणाची चूक नाही, धंद्यात हे चालायचेच. पण तुमची नावे दहा वर्षांच्या मुदतीने चालतात, आणि ती सांभाळणाऱ्याचे स्वतःचे नाव त्या आधीच बदललेले असू शकते! म्हणून सही करण्यापूर्वीच आपली सगळी वही, कागदपत्रांसकट, एकदा बाहेर काढून मागावी. नीट, वाचता येईल अशी मिळाली तर पुढे बोलावे.

तिन्हीपैकी कुठले घ्यायचे ते मी तिला सांगितले नाही. तो माझा अधिकार नाही. एवढे मात्र बजावले, की जे घ्याल ते काका असताना घ्या. तक्त्यातली प्रत्येक ओळ नव्या यंत्रात चढवताना मूळ दाखल्याशी ताडून बघा, आणि दोन्ही वह्या काही महिने बरोबरच चालू द्या. अमुक खूण का घेतली, तमुक शहरातल्या व्यापाऱ्याशी तोंडी काय ठरले होते, कुठल्या नावाला कोणाची हरकत येऊन गेली, हे तक्त्यात नसते. ते काकांच्या डोक्यात असते. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक साधा मोठा रकाना हवा, आणि काकांशेजारी बसून तो भरणारा तरुण माणूस हवा. माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याच्या सत्कारावर आपण खर्च करतो. त्याच्याकडची माहिती उतरवून घेण्यावर करत नाही.

हे लिहिताना मला सारख्या गिरणगावातल्या गिरण्या आठवत होत्या. १९८२ चा संप झाला, एकेक भोंगा बंद होत गेला, जमिनींचे काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले. पण त्या कापडावरच्या टिकिटांचे, छापांचे, नावांचे काय झाले? कोणी सांभाळली, कोणी विकली, कितीतरी नूतनीकरणावाचून गळून गेली असतील. ज्यांच्या हातांनी ते कापड विणले त्यांचे नाव कुठल्याच रजिस्टरात नव्हते. छाप तेवढी होती. ती तरी राहायला हवी होती.

तुमच्या घरी आजीच्या पेटीत एखाद्या जुन्या पातळाला किंवा धोतरजोडीला चिकटलेले असे टिकीट असेल, तर कृपा करून टाकू नका. कुठल्या गिरणीचे, कुठल्या सालचे, घरात कोणी आणले, ते मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. तेवढी वही तर आपण सगळेच ठेवू शकतो.